मैनेची अमेरिकन गादी

लाकूड जिभेवर ठेवून त्याचं नाव सांगणारा सुतार म्हणून मुळशी खोऱ्यात माझी थोडीफार ख्याती होती. ती पसरवण्यात सगळ्यात जास्त मेहनत मीच घेतली होती. पिरंगुटच्या पुढं रस्त्यालगत आमचं गाव आणि रस्त्यालगतच माझा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, एक रंधा मशीन, एक कटर आणि मी. गिऱ्हाईक आलं की मी फळीची बारीक काडी काढायचो, दाताखाली धरायचो, डोळे मिटायचो आणि थोडा वेळ घालवून म्हणायचो, "जांभूळ." गिऱ्हाईक थक्क व्हायचं. ती फळी जांभळाची आहे हे मला आधीच ठाऊक असायचं, कारण ती मीच विकत आणलेली असायची.

अर्थात सगळंच नाटक नव्हतं. सागवान तेलकट लागतं आणि त्याला जुन्या चामड्याचा वास येतो. आंबा किंचित आंबूस असतो. हेदू पिवळा आणि कडसर. शिसव कापताना शेडभर गोडसर वास सुटतो. चाळीस वर्षं तोंडात भुसा जाऊन एवढं तर कुणालाही कळेल. मी फक्त त्याचा गाजावाजा केला. गावातली माणसं मला सोपानतात्या म्हणतात. कुणाकडं जुना खांब निघाला, कुठल्या देवळाची तुळई बदलायची झाली, की 'तात्याला चाखायला बोलवा' असं म्हणायची पद्धत पडली होती.

कामातले अनुभव लिहा म्हटल्यावर मी माझे देव्हारे आणि पाळणे मांडून बसेन असं वाटेल. पण ती कामं नीट झाली, आणि नीट झालेल्या कामाबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. फसलेल्या कामांबद्दल मात्र भरपूर आहे. लवासात एका साहेबांनी तळ्याकाठी बंगला घेतला होता, वर्षातून दोनदा राहायला यायचे. त्यांच्यासाठी मी सागवानी कपाटं केली. भर उन्हाळ्यात दारं अशी घट्ट बसवली की पोस्टकार्डही आत जाऊ नये, आणि ते साहेबांना कौतुकानं दाखवलंही. मुळशीचा पाऊस लागला, लाकूड ओल पिऊन फुगलं आणि दारं बसली ती बसलीच. लाकूड मेलं तरी हलायचं थांबत नाही, पावसात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, त्याला जागा सोडावी लागते. हे शिकाऊ सुताराला पहिल्या वर्षी सांगतात. साहेबांचा ऑगस्टमध्ये फोन आला की कपडे आत अडकलेत, काय करू? मी म्हणालो, एप्रिलमध्ये या, आपोआप उघडेल. त्यांनी मला पुन्हा कधी फोन केला नाही.

पण त्यात कुणाचं फार बिघडलं नव्हतं. ज्या लाकडानं मला खरं उघडं पाडलं ते दुसरंच.

त्याचं नाव वॉलनट, म्हणजे अक्रोड. आमच्या धंद्यात वॉलनट हे लाकूड नव्हतंच, तो एक रंग होता. पुण्याच्या बाजूला भूगावला इमारती उभ्या राहायला लागल्या तसं जो तो वॉलनट मागायला लागला. लॅमिनेटच्या पुस्तकात फिका वॉलनट, गडद वॉलनट, अमका वॉलनट असे तुकडे डकवलेले असतात. गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवतं आणि आम्ही तो कागद प्लायवूडवर चिकटवतो. कितीतरी वर्षं मी वॉलनटचे टीव्ही-युनिट, वॉलनटचे पलंग, वॉलनटच्या चपलांच्या रॅक केल्या आणि त्या झाडाचं लाकूड एकदाही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर एकदम राजेशाही लाकूड आहे असं सांगायचो.

ते पाहायला मिळालं ते मुक्ता मॅडममुळं. मॅडम मूळच्या लातूरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मध्ये सातेक वर्षं अमेरिकेत राहून आल्या आणि भूगावला बंगला बांधला. त्यांना जेवणाचं टेबल हवं होतं, तेही चिकटवलेलं नाही, अस्सल वॉलनटचं. परदेशी लाकूड मागवणाऱ्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी अकरा फळ्या मिळवल्या आणि टेम्पोत घालून माझ्या शेडसमोर उतरवल्या. वर सांगितलं की हा काश्मिरी अक्रोड नव्हे, तिकडचा काळा अक्रोड आहे, ब्लॅक वॉलनट.

मी सवयीनं काडी काढली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. तोंड कडू झालं. मी गंभीरपणे म्हणालो, "शिसवाच्या भावकीतलं आहे." मॅडमनी फोनवर काहीतरी बघितलं आणि नम्रपणे म्हणाल्या, "काका, शिसवाचा आणि ह्याचा काही संबंध दिसत नाही." मी म्हणालो, लांबची भावकी असेल.

मग त्यांनी टेबल ह्याच लाकडाचं का हवं ते सांगितलं. अमेरिकेतल्या त्यांच्या भाड्याच्या घरामागं ह्याचं मोठं झाड होतं. पहिल्या वर्षी घरची फार आठवण यायची म्हणून त्यांनी त्या झाडाखाली टोमॅटो लावले. रोपं हातभर झाली आणि एकेक करून माना टाकून मेली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं सांगितलं की ह्या झाडाखाली टोमॅटो जगतच नाहीत, झाडात काहीतरी विषारी असतं. टोमॅटो गेले, पण झाडाशी त्यांची ओळख झाली, आणि सात वर्षं त्या त्याच्या सावलीत खुर्ची टाकून आईशी फोनवर बोलल्या. मी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालो, "मॅडम, टोमॅटोला पाणी जास्त झालं असेल." अमेरिकेतल्या टोमॅटोबद्दल, झाड न बघता, मुळशीत बसून, लातूरच्या शेतकऱ्याच्या मुलीला मी हा सल्ला दिला. त्या हसल्या. पुढं त्यांची ती गोष्ट मला आठवायला हवी होती तेव्हा आठवली नाही.

लाकूड मात्र खरोखर गुणी. गाभा तपकिरी, कुठं कुठं जांभळट झाक, आणि सालीलगतचा भाग पांढुरका. तिकडच्या गिरण्यांमध्ये म्हणे फळ्या वाफवतात, म्हणजे गाभ्याचा रंग त्या पांढऱ्या भागात थोडा उतरतो. वजनाला आपल्या सागवानाच्या आसपास, पण रंध्याखाली त्याहून गोड. सागवान पात्याची धार खातं, हे खात नाही. एकदा सुकलं की फारसं वाकत नाही, झटका सोसतं, म्हणून बंदुकीचे दस्ते पूर्वीपासून ह्याचेच करतात. बहुतेक लाकडं वयानं काळवंडतात, हे उलट उन्हानं हळूहळू फिकं होतं. अवगुणही आहेत. वाळवीपुढं ते सागवानासारखं टिकत नाही, आवडीनं खाऊ देतं, आणि पांढऱ्या भागाला कीड लवकर लागते. आपल्याकडं ते घरातच ठेवावं, ओसरीवर नको.

आणखी एक अवगुण मी स्वतः शोधून काढला. पहिल्याच दिवशी अवकाळी पावसात पत्र्यातून गळलेल्या पाण्यानं ओला झालेला लोखंडी रंधा मी सगळ्यात सुंदर फळीवर ठेवून घरी गेलो. सकाळी रंधा उचलला तर खाली रंध्याच्या आकाराचा काळाकुट्ट छाप. ह्या लाकडाला ओलं लोखंड चालत नाही. तासून तासून दमलो, छाप जाईना. शेवटी ती फळी उलटी करून बसवली. टेबलाखाली वाकून बघितलंत तर तो छाप आजही दिसतो. मॅडमना मी ते सांगून टाकलं, तर त्या म्हणाल्या, सहीच झाली की काका तुमची. लवासाची कपाटं आठवून मी टेबलाचा वरचा भाग बसवताना स्क्रूला लांबट खाचा मात्र ठेवल्या, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहील. एवढं एक काम मी शहाण्यासारखं केलं.

आता किसनबद्दल सांगतो. किसन माझा लहानपणापासूनचा मित्र, दोन घरं सोडून राहतो. घरची शेती, त्यातला रस्त्याकडचा तुकडा बिल्डरला विकलेला, उरलेल्यात भात. बैलगाड्यांच्या शर्यतीचा त्याला भारी नाद, त्यासाठी बैलही पाळलेले. आमच्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळते. घोडी जितकी जोरात, तितके बैल तिच्यामागं जीव टाकून धावतात. मध्ये काही वर्षं शर्यती बंद होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा किसननं लांब नगरकडं जाऊन एक घोडी आणली. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं नाव मैना. किसनला मूलबाळ नाही. तो आणि सुमनवहिनी मैनेशी ज्या आवाजात बोलायची, तो आवाज मी त्यांच्या घरात त्याआधी ऐकला नव्हता.

माझ्या शेडमधला भुसा वर्षानुवर्षं किसनच्या गोठ्यात जातो आणि त्याच्या घरून मला ताक येतं. हे कधी कुणी ठरवलं नाही. भुसा म्हणजे करवतीचं पीठ आणि रंध्यातून निघणाऱ्या पातळ वळ्या. तो जनावराखाली पसरला की ओल शोषतो, उबारा राहतो, खूर कोरडे राहतात. मैना आल्यापासून तर वहिनी दर आठ दिवसांनी पोतं घेऊन यायच्या.

जत्रेला नऊ दिवस होते. त्या वर्षी मैना पहिल्यांदा आमच्या गावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणार होती. वहिनी पोतं घेऊन आल्या तेव्हा शेडभर अक्रोडाचा भुसा पडलेला होता. वहिनींनी मूठभर उचलून बघितला.

"भावजी, ह्यो येवढा काळा कसा वो?"

"अमेरिकेचा हाय वहिनी," मी म्हणालो. "मैनेला म्हणावं, आजपासनं परदेशी गादीवर झोप."

वहिनींना हसू आलं. मी स्वतः पोतं दाबून दाबून भरलं आणि खांद्यावर टाकून त्यांच्या गोठ्यापर्यंत पोचवलंही, कारण वाटेत चारजणांना हा भुसा कुठला आहे ते सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसन दारात आला. म्हणाला, "तात्या, जरा बघायला चल. मैना पाय उचलंना झालीया."

मैना गोठ्यात खिळून उभी होती. पुढचे पाय पुढं टाकलेले, अंग मागं झुकवलेलं, चारही पाय सुजलेले. खुरांना हात लावला तर चटका बसेल इतके गरम. आदल्या संध्याकाळी ती उड्या मारत होती. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी खूर तपासले, इंजेक्शन दिलं. त्यांनी विचारलं की नवीन काही खायला दिलं का. किसननं सगळं सांगितलं, हरभरे किती, गवत कुठलं, पाणी कुठलं. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं होतं, आणि भुसा काही खायची वस्तू नव्हे. मी तिथंच उभा होतो आणि शहाण्यासारखी मान हलवत होतो. जाताना डॉक्टर म्हणाले, खुरांवर गार पाणी मारा आणि पायाखाली मऊ राहू द्या.

मऊ म्हटल्यावर मला कोण थांबवणार. मी शेडमध्ये गेलो, अक्रोडाच्या वळ्यांची आणखी दोन पोती भरली, त्यातही जाड तुकडे निवडून बाजूला काढले, आणि मैनेच्या पायाखाली वीतभर जाड गादी स्वतःच्या हातानं पसरली. किसनचे डोळे भरून आले होते. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून आठवतो.

तिसऱ्या दिवशी मैना खाली बसली ती उठेना. डॉक्टर म्हणाले, एव्हाना उतार पडायला हवा होता, रक्त तपासायला पाठवतो. आणि गोठ्याबाहेर जमलेल्या माणसांत विषाची कुजबुज सुरू झाली. कुणी घातलं असेल, असा प्रश्न निघाला. मला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर माहीत असतं, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, परवा ज्ञानोबा ह्या वाटेनं जाताना दिसला होता.

ज्ञानोबा म्हणजे किसनचा चुलतभाऊ, ओढ्यापलीकडं राहतो. बांधावरून दोघांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं आणि ज्ञानोबाचीही घोडी शर्यतीत असायची. तो खरंच त्या वाटेनं गेला होता. रोजच जायचा, कारण त्याच्या रानाची वाट तीच आहे. पण माझ्या तोंडून ते असं काही बाहेर पडलं की ऐकणाऱ्यांना पुढचं सांगायची गरज उरली नाही.  चौथ्या दिवशी सकाळी पौडला पोलिसांत जाऊन ज्ञानोबाच्या नावानं तक्रार द्यायची, असं किसननं ठरवलं.

त्याच चौथ्या दिवशी सकाळी मुक्ता मॅडम टेबल बघायला आल्या. मी टेबल दाखवलं, पण माझं लक्ष नव्हतं. त्यांनी विचारलं म्हणून मैनेचं सांगितलं. घोडी कालपासून पडून आहे, विषाचा संशय आहे, डॉक्टरांनाही उमगत नाही. मॅडम टेबलावरून हात फिरवत होत्या, तो थांबला. कोपऱ्यातल्या पोत्याकडं बघून त्यांनी विचारलं, "काका, हा भुसा तुम्ही कुठं टाकता?"

मी सांगितलं. त्यांनी फोन काढला आणि खाली मान घालून बराच वेळ वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्याखाली टाकायचा नसतो. त्यावर नुसतं उभं राहिलं तरी घोड्याचे पाय सुजतात, खूर आतून सुटायला लागतात. तिकडं हे तबेलेवाल्यांना माहीत असतं." मग फोन खाली करून म्हणाल्या, "मला टोमॅटोचं माहीत होतं. घोड्यांचं नव्हतं हो."

तेव्हा मला ते माना टाकलेले टोमॅटो आठवले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ह्या झाडात काहीतरी विषारी असतं, आणि मी त्यांना पाणी कमी घालायला सांगितलं होतं.

शेडपासून किसनच्या घरापर्यंतच्या चाळीस-पन्नास पावलांत मी काय विचार केला ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी ठरवलं की काही बोलायचं नाही. भुशाला कुबट वास येतोय असं म्हणून गुपचूप तो काढायचा आणि पेंढा टाकायचा. मैना बरी होईल, श्रेय डॉक्टरांना जाईल आणि माझी जीभ पूर्वीसारखी चालू राहील. ज्ञानोबाचं काय होईल हा विचार डोक्यात आला, पण तो मी लांब ठेवला. मी गोठ्यात शिरलो आणि घमेल्यानं भुसा ओढायला लागलो. वहिनी मैनेच्या डोक्याशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या की. मऊ हाय तिला." मी खाली मान घालून ओढत राहिलो.

तेवढ्यात किसन इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला. हातात गाडीची किल्ली. तो पौडला निघाला होता. मैनेकडं एकदा बघून तो वळला, आणि मला जाणवलं की त्यानं गाडी सुरू केली की मग मला हे आयुष्यात कधीच बोलता येणार नाही.

"किसन," मी म्हणालो, "पौडाला जाऊ नगंस. ज्ञानोबानं काय केलं न्हाई. मैना माज्यामुळं पडलीया. ह्यो भुसा इखारी हाय."

किसन परत फिरला. मग म्हणाला, "येडा का काय तू. लाकडानं कुटं घोडं पडतं व्हय?"

इतकी वर्षं माझी प्रत्येक बढाई खरी मानणारा हा माणूस माझी एक चूक मानायला तयार होईना. मी मॅडमचं सांगितलं, टोमॅटोचं सांगितलं, ते ऐकून त्याला मी जास्तच येडा वाटलो. म्हणाला, "आन् तू तर जिभंवर ठिवला हुतास की. मग तुला कसं काय झालं न्हाई?"  गाढवांना बाधत नसेल, असं मनात आलं. शेवटी मागोमाग आलेल्या मॅडमनीच फोन पुढं केला आणि त्यातलं एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. सूज, गरम खूर, पाय पुढं टाकून उभं राहणं. आम्ही चार दिवस जे बघत होतो तेच सगळं त्यात होतं.

ऐकता ऐकता वहिनी उठल्या आणि दोन्ही हातांनी भुसा बाहेर फेकायला लागल्या. मी वाकलो तर किसन म्हणाला, "तू हात लावू नगंस." मग किल्ली खिशात टाकत त्यानं विचारलं, "ज्ञानोबाचं नाव आदी कुणी काढलं हुतं?"

"मी," मी म्हणालो.

मैनेला सगळ्यांनी मिळून उठवून पेंढ्यावर घेतलं, पाय धुतले, डॉक्टरांना फोन करून खरं कारण कळवलं. दुपारी किसन माझ्या दारात येऊन नुसता "चल" म्हणाला. आम्ही ओढा ओलांडून ज्ञानोबाकडं गेलो. तक्रारीची बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती. मी ओसरीच्या पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, किसनला बसायला घोंगडी टाकली आणि मला म्हणाला, "सुतारा, लाकडाचं कळलं न्हाई त्ये जाऊ दे. माणसाचं तरी कळायला पायजे हुतं तुला." मला कुणी बस म्हटलं नाही. मी उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून मी ओढ्याची वाळू आणायला लागलो. डॉक्टर म्हणाले होते की वाळू पायाखाली चांगली. किसन बोलायचा नाही, पण अडवायचाही नाही. पंधरा दिवस सकाळी मी वाळूची घमेली वाहिली. सूज उतरली, मैना उभी राहिली, चालायला लागली. पण पुढच्या उजव्या खुरात जे आत बिघडलं होतं ते पुरतं भरून आलं नाही. चालताना काही दिसत नाही, पळायला लागली की पाय राखते. जत्रा झाली. किसनचे बैल त्या वर्षी घाटात उतरले नाहीत, आणि मैना पुढं कधीच पळाली नाही. डॉक्टर म्हणाले की पहिल्याच दिवशी भुसा काढला असता तर बहुधा पूर्ण बरी झाली असती. पहिल्या दिवशी मी दोन पोती आणखी टाकली होती.

टेबल वेळेवर गेलं. उरलेला भुसा मी पोत्यांत भरून परसात ओतायला निघालो होतो आणि बायकोच्या टोमॅटोच्या वाफ्यापाशी पोचल्यावर थबकलो. तो शेवटी लांब मुरमाड जागेत खड्डा करून पुरला. तेव्हापासून मी जीभ वापरणं सोडलं. कुणी हौसेनं म्हटलंच की तात्या चाखून सांगा, तर मी म्हणतो दुकानदाराला विचारा. शेडमधल्या प्रत्येक पोत्यावर खडूनं लाकडाचं नाव लिहितो.

किसनकडचं ताक मात्र एकही दिवस चुकलं नाही. वहिनी येऊन तांब्या ठेवून जायच्या. पोतं आणायच्या नाहीत. मैनेखाली आता पेंढा असायचा, कधी विकतचं भाताचं तूस. मी ते ताक प्यायचो आणि माझा भुसा शेडमागं साचत राहायचा. किसन रस्त्यात भेटला की पावसापाण्याचं बोलायचा, शेडमध्ये यायचा नाही. असं दीड वर्ष गेलं.

गेल्या वर्षी, पाऊस उघडल्यावरची गोष्ट. सकाळी मी फळ्या रंधत होतो. मशीन बंद केलं तेव्हा लक्षात आलं की दारात किसन उभा आहे आणि त्याच्या हातात रिकामं पोतं आहे. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"कशाचा हाय?" त्यानं भुशाकडं बघत विचारलं.

"आंब्याचा," मी म्हणालो. आणि घाबरून का होईना, हात जुन्या सवयीनं फळीच्या काडीकडं गेला.

"जीभ ऱ्हाऊ दे," किसन म्हणाला. "पावती दाखव."

मी खिळ्याला अडकवलेली लाकूडवाल्याची पावती काढून त्याला दिली. त्यानं ती हात लांब करून बघितली, मग डोळ्यांजवळ आणून बघितली, मग मला परत दिली.

"चष्मा इसरलो," तो म्हणाला. "तूच वाच."

त्याच्या शर्टाच्या खिशातून चष्म्याची दांडी वर आली होती. मी पावती उजेडाकडं धरली आणि मोठ्यानं वाचली, "आंबा. फळ्या बारा." त्यानं पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून माझ्यापुढं धरलं.